कोंड्याच्या मोलाचा संपादक

अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या टॅपन्स लॉक या कालव्याकाठच्या गावात दोन वर्तमानपत्रं निघत. गुरुवारी 'नांगर', शनिवारी 'कंदील'. नांगर डेमोक्रॅट पक्षाचा, कंदील त्याच्या विरोधातल्या व्हिग पक्षाचा. नांगरचा संपादक बार्नबस टीग आणि कंदीलचा संपादक इरॅस्टस लूमिस यांनी नऊ वर्षं एकमेकांची छापील सालटी काढली होती. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघांपैकी एक जण चिखल तुडवत पलीकडच्या बाजूला जाई. गावालाही तसंच लागे. एकदा दोघं चर्चच्या पायऱ्यांवर हवेपाण्याचं बोलताना दिसले, तेव्हा दोन्हीकडच्या वर्गणीदारांनी आपापल्या संपादकाला अडवून विचारलं होतं, "काय हो, किती मिळाले?"

मागच्या दाराची गोष्ट निराळी होती. हिवाळ्यात कालवा गोठला आणि कागदाची नाव अडकून पडली, की ज्याच्याकडे कागद असेल तो दुसऱ्याला द्यायचा. शाईचंही तसंच. ही देवघेव दोघांच्या बायका बघत, आणि तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे.

त्यामुळे सोमवारी सकाळी केझाया टीग मागच्या दाराने आली, तेव्हा डॉर्कस लूमिसने काही न विचारता कोपऱ्यातल्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

"कागद नकोय," केझाया म्हणाली. "लेख हवाय."

लूमिस छपाईच्या खिळ्यांच्या पेटीपाशी उभा राहून भोपळ्याच्या पिकाची बातमी जुळवत होता. त्याचा हात थांबला.

"बार्नबसला थंडीताप भरलाय," केझाया सांगू लागली. "एक दिवसाआड येतो. येतो त्या दिवशी पलंग खडखडतो, आणि येत नाही त्या दिवशी कोयनेलने कान वाजतात. चार दिवस झाले, एक ओळ लिहिली नाही त्याने. बाकीचा अंक मी जुळवलाय. गव्हाचे भाव आहेत, जाहिराती आहेत, एका पाद्र्याची कविता आहे. पहिला रकाना तेवढा कोरा आहे. तुमच्यावरचा."

"माझ्यावरचा म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला शिव्या द्यायच्यात, मिस्टर लूमिस. पुढच्या मंगळवारी निवडणूक. त्याच्या आधीच्या गुरुवारी नांगरमध्ये तुम्हाला शिव्या नसल्या तर लोक काय म्हणतील?"

"आणि त्या मी लिहायच्या?"

"तुमच्याबद्दल तुमच्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला आहे?" डॉर्कस म्हणाली. ती टेबलाशी पीठ चाळत होती आणि तिने मान वर केली नव्हती.

केझाया हसली नाही. "आमचं यंत्र पक्षाच्या कमिटीकडे गहाण आहे, तुम्हाला ठाऊक आहे. अंक चुकला की कमिटी ते उचलून राजधानीतल्या, कोलंबसच्या त्या पोराला देणार. दोनदा येऊन खोलीची मापं घेऊन गेलाय तो."

त्या पोराला लूमिसने पाहिलं होतं. कायदा शिकलेला, बुटांना चकाकी, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पाहायची सवय. तो कधी मागच्या दाराने कागद मागायला येईल असं वाटत नव्हतं. पण लूमिसला धास्ती होती ती वेगळ्याच कारणाची.

कंदील चालत होता तो व्हिग कमिटीच्या जिवावर. कोर्टाची समन्सं, कराच्या नोटिसा, मतपत्रिका, सगळी सरकारी छपाई, कचेरी ज्या पक्षाच्या हातात त्या पक्षाच्या छापखान्याला मिळे; आणि व्हिगांकडून ती कोणाला द्यायची, हे ठरवत असे कमिटीचा अध्यक्ष स्क्वायर हायरम स्ट्राउड. गावाची पिठाची गिरणी त्याचीच, म्हणून गाव त्याला मानाने स्क्वायर म्हणे. मागच्या वसंतात टीग सासुरवाडीला गेला आणि नांगरचे दोन अंक बुडाले, तेव्हा स्ट्राउड छापखान्यात येऊन म्हणाला होता, "लूमिस, समोरून कोणी भुंकत नसेल, तर मी इकडे कुत्रं कशाला पोसू?" तो हसत म्हणाला होता. पण स्ट्राउड पैशाविषयी कधीही गंमत करत नसे.

"उद्यापर्यंत लिहून देतो," लूमिस म्हणाला.

पहिला मजकूर त्याने दुपारी लिहिला. केझायाने तो दारातच उभ्याने वाचला.

"'आमचे विद्वान परंतु वाट चुकलेले प्रतिस्पर्धी'," ती मोठ्याने म्हणाली. "'ज्यांच्या शैलीचा डौल त्यांच्या मतांच्या दुबळेपणालाही झाकतो.' मिस्टर लूमिस, हे तुमच्या थडग्यावर छान दिसेल. माझ्या नवऱ्याने तुम्हाला आजवर विद्वान म्हटलेलं नाही."

"काय म्हणतो तो साधारण?"

"पाणगाढव म्हणतो. बैल म्हणतो. मागच्या महिन्यात उकडलेला नवलकोल म्हणाला होता."

"ते फार वरवरचं असतं त्याचं," लूमिस जरा लागून म्हणाला. "त्यात मुद्दा नसतो."

"मग तुम्ही मुद्दा घाला," असं म्हणून केझाया निघून गेली.

लूमिस पुन्हा बसला. टाक शाईत बुडवला, सुकू दिला, पुन्हा बुडवला. दुसऱ्याची निंदा करताना जे शब्द मुंग्यांसारखे रांग धरून येत, ते आज वारुळातून बाहेर पडायला तयार नव्हते.

"तरुणपणी तुम्ही डेमोक्रॅट होता, ते लिहा," डॉर्कसने सुचवलं.

"ते कोणाला सांगायचं नाहीये!"

"सगळ्यांना माहीत आहे. बरं, चर्चमध्ये गाताना तुम्ही सगळ्यांच्या एक सूर मागे असता, ते लिहा."

"तो माझा खर्ज आहे, डॉर्कस. खर्जाला वेळ लागतो."

"बरं बाई, राहिलं."

थोडा वेळ नुसता चाळणीचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला. डॉर्कस उठली, आणि तिने चाळणी उचलून लूमिसच्या कागदावर पालथी केली. कोंडा, दोऱ्याचा तुकडा, आणि तीन पोरकिडे, त्यातला एक चालत होता.

कमिटीने लूमिसला दर तिमाहीला रोख रक्कम कबूल केली होती. ती रोख कधी आलीच नाही. तिच्याऐवजी दर शनिवारी स्ट्राउडच्या गिरणीतून पिठाचं एक पोतं येई, आणि पोतं आणणारा गाडीवान ते पायरीवर टाकताना म्हणे, "स्क्वायरांनी सांगितलंय, हिशेबात धरा." गिरणीत जे पीठ कोणी विकत घेत नसे, तेच हे पीठ होतं.

"नऊ वर्षं मी हे चाळतेय," डॉर्कस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दर शनिवारी तुम्ही स्क्वायरांना जनतेचा आधारस्तंभ म्हणून छापता, आणि दर सोमवारी मी तुमचा आधारस्तंभ चाळते. तुम्हाला तुमच्याबद्दल वाईट लिहायचंय ना? हे लिहा."

लूमिस चालणाऱ्या किड्याकडे बघत राहिला. मग त्याने कागद झटकला आणि लिहायला सुरुवात केली. संध्याकाळी दिवा लावायला डॉर्कस आली, तेव्हा तो स्वतःशी हसत होता. तिने पाहिलं, तर डोळेही पुसत होता.

गुरुवारी नांगर निघाला. दुपारपर्यंत गावात तो मिळेनासा झाला.

लूमिस दाढी करायला ओबेद प्रुइटच्या दुकानात गेला. जायची गरज नव्हती. दाढी त्याने सकाळीच केली होती. दुकानात बाकावर पाचसहा जण दाटीने बसले होते आणि ओबेद वस्तरा खिशात ठेवून मोठ्याने वाचत होता. लूमिस आत आला तसा तो गडबडला.

"वाच, वाच," लूमिस करुण आवाजात म्हणाला. "माझ्यामुळे थांबू नकोस. ऐकून घेणं आमच्या नशिबीच आहे."

ओबेदने घसा साफ केला. "'वॉशिंग्टनमध्ये माणूस विकला जातो तो वकिलातीसाठी. कोलंबसमध्ये विकला जातो तो कालव्याच्या कंत्राटासाठी. आमच्या गावच्या व्हिगांनी मात्र एक अख्खा संपादक, चष्म्यासकट, पिठावर घेतला आहे. आणि पीठही असं, की ते गाईपुढे ठेवलं तर ती मान वळवून मालकाकडे बघेल.'"

बाकावरचे लोक एकमेकांच्या अंगावर पडले. लोहार तर बूट जमिनीवर आपटत होता.

"'इरॅस्टस लूमिस विकाऊ आहे असं आम्ही म्हणत नाही,'" ओबेद वाचत होता. "'त्याचे धनी ज्या दिवशी त्याला चाळलेलं पीठ देतील—'"

"एक वाक्य राहिलं," लूमिस म्हणाला.

"कुठलं?"

"'विकाऊ माणसाला भाव असतो.' ते मधलं. आणि त्याच्या आधी जरा थांबायचं, ओबेद. 'आम्ही म्हणत नाही', मग थांब, लोकांना वाटू दे की टीग नरमला. मग, 'विकाऊ माणसाला भाव असतो.' तू एकदम पळतोस."

बाकावरचे लोक वळून त्याच्याकडे बघू लागले. ओबेदने कागदात पाहिलं. वाक्य होतं, आणि तिथेच होतं.

"तुम्हाला पाठ आहे?" त्याने विचारलं.

आपण काय बोलून बसलो ते लूमिसला कळलं. "छातीत घुसलेलं पाठ व्हायला वेळ लागत नाही," तो म्हणाला आणि रुमाल काढून नाक शिंकरलं.

ते लागू पडलं. लोहार उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. टीगला चाबकाने फोडायचं असेल तर सांगा. तुमचा कोट मी धरीन."

"तो आजारी आहे म्हणे," ओबेद म्हणाला.

"असं लिहितो, आणि आजारी!" लोहार म्हणाला. "बरा असता तर काय केलं असतं?"

हे ऐकून लूमिसला जो आनंद झाला, तो लपवण्यासाठी त्याने पुन्हा नाक शिंकरलं.

तो आनंद घरी पोचेपर्यंत टिकला. छापखान्यात स्क्वायर स्ट्राउड बसला होता, आणि बसल्या बसल्या हातातला नांगर मुठीत चुरगाळत होता.

"हॉटेलवाल्या बाईने दोन पोती परत पाठवली," तो म्हणाला. "वर निरोप काय, की गाय वळून बघते ते हेच का. माझ्या पिठाला! अरे लूमिस, तुला काय शिव्या द्यायच्या त्या त्याने द्याव्यात, तुझं कामच आहे ते. माझं पीठ मध्ये का आणलं त्याने? त्याला कोणी सांगितलं पिठाचं?"

"गाडीवान पायरीवर टाकतो, स्क्वायर. सगळी गल्ली बघते," डॉर्कस म्हणाली.

स्ट्राउडने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चुरगाळलेला कागद त्याने मांडीवर ठेवून सरळ केला, आणि पुन्हा वाचला. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावरचा राग कमी होत गेला. बाजारात दुसऱ्याचा घोडा पाहताना त्याचा चेहरा असाच होत असे.

"काय लिहितो पण लेकाचा," तो म्हणाला. "नऊ वर्षं हा माणूस समोरच्या गल्लीत बसलाय आणि आपण त्याला डेमोक्रॅटांच्या पैशावर जगू देतोय. आणि मी पोसतोय कोणाला? तुझा मागचा अग्रलेख वाचायला घेतला मी. दुसऱ्या परिच्छेदात डोळा लागला. जागा झालो तरी दुसऱ्याच परिच्छेदात होतो."

"स्क्वायर, ते जे आज नांगरमध्ये आलंय, ते..." लूमिसच्या तोंडून निघून गेलं.

डॉर्कसच्या हातातून खिळ्यांचा खोका लूमिसच्या पायावर पडला.

"ते काय?" स्ट्राउडने विचारलं.

"ते चांगलं आहे," लूमिस पाय धरून म्हणाला.

"चांगलं आहे! तुलाही कळतं म्हणजे." स्ट्राउड उठला, टोपी घातली. "मी जरा विचार करतोय," एवढं बोलून तो गेला.

"काय विचार करतोय?" लूमिसने विचारलं.

डॉर्कस जमिनीवरचे खिळे गोळा करत होती. "टीगला विकत घ्यायचा. आणि तुम्हाला काढायचा. तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःची जागा घालवलीत, मिस्टर लूमिस. आणि सांगताही यायचं नाही. डेमोक्रॅटांच्या पत्रात लिहिलंत असं कळलं, तर कमिटीवाले नुसतं काढणार नाहीत, गावाबाहेर घालवतील."

शुक्रवारी टीगचा ताप न येण्याचा दिवस होता. लूमिस सकाळीच मागच्या गल्लीतून, तबेल्याच्या कडेने, टीगच्या घरी गेला. टीग पुढच्या खोलीत शेगडीजवळ पलंगावर बसला होता. पिवळा पडलेला, गळ्याभोवती बायकोची शाल.

"ये, कोंड्या," तो म्हणाला. "नऊ वर्षं मी तुला शिव्या देतोय रे, आणि पीठ मला कधी सुचलं नाही. बैल म्हणत बसलो. लाज वाटते मला."

"उकडलेला नवलकोल बरा होता," लूमिस म्हणाला. त्याला तसं वाटत नव्हतं.

"खोटं बोलू नकोस. आमच्या कमिटीचे लोक काल येऊन माझा हात दाबून गेले. एक जण रडला. मी ताप आहे असं सांगून डोळे मिटून घेतले, नाही तर मीही रडलो असतो."

लूमिसने त्याला स्ट्राउडचं सांगितलं. टीग ऐकत होता, आणि ऐकताना त्याच्या तोंडाचा कोपरा वर चढत होता.

"रोख देईल?" त्याने विचारलं.

"बार्नबस!"

"विचारलं फक्त."

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. केझायाने खिडकीतून पाहिलं, आणि लूमिसला दंडाला धरून स्वयंपाकघरात ढकललं. काकड्यांच्या लोणच्याच्या बरणीशेजारी तो अंग चोरून उभा राहिला. दाराला फट होती. स्क्वायर स्ट्राउडची टोपी खुंटीवर जाताना त्याला दिसली.

"मिस्टर टीग," स्ट्राउड म्हणाला, आणि असा मऊ आवाज लूमिसने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तुम्ही काल मला दुखावलंत. मी राग धरत नाही. मी व्यापारी माणूस आहे. कंदील घ्या तुम्ही. रोखीने देईन, तिमाहीच्या पहिल्या तारखेला. भाड्याशिवाय घर."

"पीठ?" टीगने विचारलं.

"पिठाचं काढू नका."

"बरं. पण कंदीलमध्ये लूमिस आहे ना?"

"त्याचं काय? गाण्याचे वर्ग काढेल."

स्वयंपाकघरात बरणीचं झाकण खणकलं. केझाया मोठ्याने खोकली.

लूमिसने फटीला कान लावला. टीगच्या डोक्यावर गहाण यंत्र होतं, दारात डॉक्टरचं बिल होतं, आणि समोर आयुष्यात पहिल्यांदा रोख रक्कम बसली होती. तो हो म्हणाला असता तर लूमिसला त्याला दोषही देता आला नसता.

"येईन मी," टीग म्हणाला.

लूमिसने डोळे मिटले.

"येईन, स्क्वायर. पण एक सांगून ठेवतो, नंतर म्हणू नका की टीग बोलला नाही. मी गेलो की आमची कमिटी दुसरा माणूस शोधणार. निवडणूक मंगळवारी. कोलंबसहून कोणाला आणायला वेळ नाही. गावात मोकळा संपादक एकच असणार, इरॅस्टस लूमिस."

"घेऊ दे त्याला. तो काय लिहिणार?"

"त्याला लिहिता येत नाही, हे खरंच," टीग म्हणाला. दाराच्या फटीकडे त्याने पाहिलं असावं. "कागदावर माशी मेल्यासारखं लिहितो तो. पण नऊ वर्षं तुमच्या कमिटीच्या प्रत्येक बैठकीला तो कोपऱ्यात बसलाय. त्याला लिहायला कशाला हवंय? नुसतं आठवायचंय."

पुढच्या खोलीत शेगडीतलं लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"तो पुलाबद्दल काही बोललाय का तुमच्याशी?" स्ट्राउडने विचारलं. आवाज मऊच होता, पण आता वेगळ्या तऱ्हेने.

"कुठल्या पुलाबद्दल?"

"कुठल्याच नाही." खुर्ची मागे सरकली. "मी पुरवलेली लाकडं चांगली होती ती. कोणी विचारलं तर सांगा. तुम्ही आराम करा, मिस्टर टीग. आपण हे बोललो नाही."

दार लागलं. लूमिस बाहेर आला. टीग दोन्ही हातांनी पोट धरून बसला होता.

"पुलाचं काय रे?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत?"

"तू होतास ना बैठकीला!"

"मी झोपतो बैठकीत," लूमिस म्हणाला.

टीग हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि केझायाने दोघांनाही रागे भरून लूमिसला मागच्या दाराने घालवून दिलं. दारातच तो घुटमळला.

"तू हो म्हणालास तेव्हा," तो म्हणाला, "खरंच म्हणाला होतास?"

"पहिल्यांदा म्हणालो तेव्हा खरंच," टीगने आतून सांगितलं. "मग वाटलं, पुढच्या गुरुवारी मला असं लिहून कोण देणार?"

दुपारी स्ट्राउड कंदीलच्या छापखान्यात आला. टोपी काढूनच आत शिरला.

"मिस्टर लूमिस," तो म्हणाला, आणि डॉर्कसने मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय की काय. "तुमचं आमच्याकडे बरंच राहिलंय असं मला आज हिशेब बघताना दिसलं. पीठ हे काही मानधन नव्हे. ती आमची शेजारधर्माची भेट होती." त्याने टेबलावर नोटा ठेवल्या. बुडालेल्या बँकेच्या नव्हत्या; डॉर्कसने एकेक उजेडात धरून पाहिली. "तुम्ही बैठकांना बसत आलात. तुम्हाला बरंच आठवत असेल."

"काहीच आठवत नाही, स्क्वायर," लूमिस म्हणाला. इतकं खरं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"पुलाचं ते..."

"कसला पूल? मला त्यातलं अक्षर ठाऊक नाही. शपथेवर सांगतो."

स्ट्राउडने त्याच्याकडे आदराने पाहिलं. मग खिशात हात घालून आणखी दोन नोटा काढल्या आणि आधीच्यांवर ठेवल्या.

"नांगरला उत्तर मी उद्या असं देतो की—" लूमिसने सुरुवात केली. रात्रभर त्याच्या डोक्यात वाक्यं फिरत होती.

"उत्तर नको," स्ट्राउड म्हणाला. "अजिबात नको. तुम्ही काही आठवून लिहू नका. शांततेचं काही तरी छापा. माझं डुक्कर जत्रेत पहिलं आलंय, त्याच्यावर लिहा. चांगलं लांबलचक लिहा."

तो गेला. डॉर्कसने नोटा चहाच्या डब्यात ठेवल्या आणि डबा फडताळात सगळ्यात मागे ढकलला. लूमिस मात्र बाकावर तसाच बसून राहिला.

"काय झालं? मिळाले ना?"

"मिळाले," तो म्हणाला. "न लिहिण्याचे मिळाले. लिहायचं कसं ते मला या सोमवारी कळलं, डॉर्कस. आणि शुक्रवारी बंद."

डॉर्कसने त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "डुक्कर कुठे बंद आहे?"

शनिवारी सकाळी स्क्वायर स्ट्राउड ओबेदच्या खुर्चीत मान मागे टाकून बसला होता, तोंडाला फेस, डोळे मिटलेले. दुकान भरलं होतं. लूमिस दाराशी उभा होता आणि आज त्याने नाक शिंकरायची तयारी करून ठेवली होती.

"वाच रे," स्ट्राउडने फेसातून हुकूम सोडला. "पहिलं पान."

ओबेदने कंदील उघडला. आज त्याने घाई केली नाही.

"'ज्यांनी हे जनावर पाहिलं नाही, त्यांना त्याची कल्पना देणं अवघड आहे. खाण्याच्या द्रोणीपाशी ते पहिलं येतं आणि शेवटचं जातं, आणि मधल्या वेळात इतरांकडे असं बघतं, जणू काटकसर कशी करावी हे त्यांना शिकवतंय.'"

"बरोबर!" स्ट्राउड म्हणाला. "अगदी असंच बघतं!"

लोहाराने आपली टोपी तोंडावर धरली.

"'स्वतःला जे रुचत नाही ते हे जनावर उदारपणे शेजाऱ्यांकडे ढकलतं, आणि शेजाऱ्यांनी ते हिशेबात धरावं अशी त्याची अपेक्षा दिसते.'"

बाकावरून एक विचित्र आवाज आला आणि दाबला गेला. स्ट्राउडने डोळे उघडले नाहीत. "किती बारकाईने पाहिलंय," तो म्हणाला. "मिस्टर लूमिस, तुम्ही डुकरांच्या गोठ्यात जाऊन आलात वाटतं?"

"नऊ वर्षं बघतोय, स्क्वायर," लूमिस म्हणाला.

ओबेदने पुढचं वाक्य आधी मनात वाचलं. मग लूमिसकडे पाहिलं. मग, जसं शिकवलं होतं तसं, जरा थांबला.

"'असं हे निधड्या छातीचं जनावर. मात्र पुलाशी आलं, की ते बिचकतं.'"

स्ट्राउडच्या गालावरचा फेस हळूहळू मानेकडे उतरत होता. त्याने डोळे उघडले आणि छताकडे पाहिलं. दुकानात कोणाला काही कळलं नव्हतं. लोक पुढच्या वाक्याची वाट बघत होते.

"बिचकतं," शेवटी तो म्हणाला. "हो. ते बिचकतं थोडं." त्याने ओबेदच्या हातातला कंदील स्वतःच्या हातात घेतला, नीट घडी घातली आणि कोटाच्या आत ठेवला. "मिस्टर लूमिस, मला आणखी दहा अंक पाठवा. माझ्या भावाला पाठवायचेत." थोडा थांबून, लूमिसकडे न बघता तो म्हणाला, "आणि पुढच्या तिमाहीचे पैसे आजच येऊन घेऊन जा."